कानसेनांचा हेडफोन

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव वापरायची वेळ कुणावर येत नाही, एवढंच. संस्थेत सगळे त्यांना कानसेन म्हणतात आणि घरी बायको 'अहो' म्हणते. दोन्ही हाका त्यांना पुरतात.

संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं आवाजात भरते. वाचणारे काचेच्या खोलीत बसून वाचतात, आणि ते वाचन बाहेर ऐकणाऱ्यांच्या हाती पडण्याआधी कानसेन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकतात. समोर छापील पुस्तक, हातात पेन्सिल, डोक्यावर हेडफोन. शब्द गाळला की पेन्सिल उठते. पान उलटल्याचा आवाज आला, आवंढा गिळला, खुर्ची कुरकुरली, की पुन्हा उठते. एकदा त्यांनी समासात लिहिलं होतं, "नवीन चप्पल. पाय हलवू नये." चप्पल खरंच नवीन होती. तेव्हापासून वाचणारी मंडळी काचेच्या खोलीत अनवाणी बसतात.

या जाचाचा सगळ्यात मोठा वाटा वाचकबाईंच्या पदरी आला. त्या निवृत्त शिक्षिका. उभा जन्म मुलांच्या चुका काढण्यात गेला आणि उतारवयात त्यांना स्वतःच्या चुका काढणारा भेटला. "माझ्या नवऱ्यानं माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकलं नाही हो," असं त्या म्हणायच्या, आणि ती तक्रार आहे की कौतुक, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कानसेनांचं आयुष्य असं सुरळीत चाललं होतं. पण संस्थेचं काम वाढलं, त्यांच्या ऐकण्याच्या छोट्या खोलीत दुसरं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि त्यांचं टेबल मोठ्या खोलीत, हिशेबनिसांच्या शेजारी आलं. शिवाय आठवड्यातले काही दिवस काम घरी न्यायचं ठरलं. आता त्यांचा जुना हेडफोन होता उघड्या पाठीचा. म्हणजे कानावरच्या वाट्यांना बाहेरून जाळी. ऐकायला मोकळं वाटतं, पण आतला आवाज बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आत येतो. बंद खोलीत त्याचं कुणाला काही नव्हतं. मोठ्या खोलीत मात्र एका रहस्यकथेचा शेवट शेजारच्या हिशेबनिसांच्या कानावर गेला, आणि त्यांनी चहाच्या वेळी खुनी कोण ते सगळ्यांना सांगून टाकलं. ती कथा पुढे वाचायला घेणारे तिघे-चौघे तिथेच बसले होते. संस्थेच्या प्रमुखबाईंनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं. पाठ बंद असलेला चांगला हेडफोन घ्या, टेबलावर चालेल, घरी चालेल, जातायेता चालेल असा. हवा तो घ्या, पण घ्या.

कानसेनांनाही तो बदलायचाच होता. जुन्याची डावी बाजू मंद झाली आहे, असं त्यांचं बरेच दिवसांचं म्हणणं होतं. त्यांनी तार बदलून पाहिली, गादी बदलून पाहिली, एकदा टाचणीनं जाळीतली धूळसुद्धा काढली. फरक पडला नाही. म्हातारं झालं बिचारं, असं ते हेडफोनबद्दल म्हणायचे.

घरी त्यांची वेगळीच एक तक्रार होती. जेवणाच्या टेबलाशी बायको वर्षानुवर्षं त्यांच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसायची. काही वर्षांपूर्वी एक दिवस तिनं आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजवीकडे, खिडकीशी आणून ठेवली. "मला उजेड बरा वाटतो," म्हणाली. तिला उजेड मिळाला आणि यांच्या पुस्तकावर तिची सावली पडायला लागली. फिरायला गेल्यावरही ती तेव्हापासून उजव्या बाजूनं चालायची, जिकडून गाड्या जातात तिकडून. "या वयात तुला मरणाची भीती उरली नाही," असं ते तिला चिडवायचे. ती उत्तर द्यायची नाही, आणि उत्तर न देणं हा काही त्या बाईचा स्वभाव नव्हता.

तर कानसेन दुकानात गेले. दुकान वडिलांकडून मुलीकडे आलेलं होतं, आणि वडील गोडबोले होते तेवढी मुलगी फटकळ होती. तिनं त्यांच्यासमोर चार-पाच हेडफोन मांडले आणि एक गाणं लावलं. कानसेनांनी हात वर केला.

"गाणं नको."

"मग काय लावू?"

"गाणं म्हणजे झणझणीत रस्सा. त्यात मीठ कमी असलं तरी कळत नाही. मला साधा वरणभात पाहिजे." असं म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. त्यात वाचकबाईंनी वाचलेलं एक पान होतं. ते त्यांनी मुद्दाम न सुधारता जपून ठेवलं होतं. त्यात एक आवंढा होता, पान उलटल्याची सळसळ होती, आणि लांब कुठेतरी फाटक लागल्याचा आवाज होता. फाटक ऐकू आलं की हेडफोन पास.

मग परीक्षा सुरू झाली. पहिल्यात बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला. तो गेला. दुसऱ्यात सगळं लख्ख होतं, पण चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. दिवसभर घालायचा म्हणजे डोकं फणसासारखं दाबून कसं चालेल? तोही गेला. तिसरा घालून त्यांनी रिकाम्या तोंडानं चावल्यासारखं केलं, कारण जबडा हलला की काहींच्या गाद्यांखाली फट पडते आणि बाहेरचा आवाज आत शिरतो. मग मान जोरात डावीकडे-उजवीकडे हलवली. दुकानात आलेलं एक जोडपं त्यांच्याकडे बघत हळूहळू दाराकडे सरकलं.

"काका, तुम्ही हेडफोन घेताय की घोडा?" दुकानदारीण म्हणाली.

"घोडा लवकर घेतला असता. तो दिवसभर माझ्या डोक्यावर बसणार नाही."

शेवटी एक पसंत पडला. गाद्या मऊ, पट्टी हलकी, आवाज सरळ, फाटक स्पष्ट. कानसेन खुशीत घरी आले. दार-खिडक्या लावून टेबलाशी बसले, पान लावलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. डावी बाजू मंद होती. दुकानात रस्त्याचा गोंगाट होता, त्यात लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. दुकानदारिणीनं त्याच जातीचा नवा कोरा डबा उघडून दिला. त्याचीही डावी बाजू मंद निघाली. कानसेन पुन्हा दुकानात हजर. हल्ली वस्तूंना काही धरबंधच राहिलेला नाही, कारखान्यात कुणी लक्ष देत नाही, आमच्या वेळी असं नव्हतं, असं सगळं त्यांनी ऐकवलं. तिनं तो स्वतःच्या डोक्याला लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग स्टूल पुढे केलं.

"बसा काका. आता हा उलटा घाला. डावी वाटी उजव्या कानावर."

"त्यानं काय होणार?"

"खोट यात असेल तर ती याच्याबरोबर फिरेल. मंद आवाज उजवीकडे येईल."

कानसेनांनी हेडफोन उलटा घातला. वाचकबाई वाचायला लागल्या. उजव्या कानात लख्ख, डाव्या कानात मंद. त्यांनी तो काढला, सुलटा घातला, परत उलटा घातला. मग शेजारचा दुसरा उचलला, तोही दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. दुकानदारीण गल्ल्यामागे जाऊन उगाच तारा गुंडाळत बसली. फटकळ असली तरी तिला माणसाची कदर होती.

"काका, मळसुद्धा असू शकतो," ती नंतर म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून या. मी हा बाजूला ठेवते."

कानातला मळ निघावा म्हणून इतकी आस आजवर कुणी लावली नसेल. कानसेन डॉक्टरकडे जाताना वाटभर मळाचाच विचार करत होते. चांगला भरपूर निघू दे, लाज वाटेल इतका निघू दे. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. जेमतेम नखावर मावेल इतका निघाला.

मग तपासणी झाली. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन दिला, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. खोली इतकी शांत होती, की आपल्याला संस्थेत अशी एक मिळायला हवी होती, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. उजव्या कानाच्या वेळी बटण नुसतं टकटक वाजत राहिलं. मग डावा कान सुरू झाला. कानसेन बटणावर अंगठा ठेवून बसले. काचेपलीकडे तपासणारी मुलगी चकती फिरवत होती, त्यांच्याकडे बघत होती, पुन्हा फिरवत होती. म्हणजे आवाज येत होता. हिला कळतंय की येतोय, आणि मला येत नाही. बटण न दाबलेला अंगठा त्यांना घामानं ओला लागला.

"उजवा कान तरुणाचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावा हळूहळू उतरलाय. घाबरण्यासारखं दुसरं काही नाही. पुढे लागलं तर यंत्र देऊ."

"हं," कानसेन म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांचे गाळलेले शब्द शोधणाऱ्या माणसाला त्या वेळी एवढाच शब्द सुचला.

त्यांना खरोखर भीती वाटली. इतर कुणाचा कान गेला तर कान जातो. कानसेनांचा गेला तर कानसेनच जातो. संस्थेत त्यांना दुसरं काय येत होतं? आणि घरी तरी काय सांगणार? त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. रात्री बायकोनं विचारलं, मिळाला का हेडफोन? तर म्हणाले, चांगला मिळत नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

लपवायचं म्हटलं असतं तर संस्थेत लपलंही असतं. पण ज्या माणसानं दुसऱ्याचा आवंढा कधी सोडला नाही, त्याला स्वतःचा गिळवेना. त्यांनी पहिल्यांदा वाचकबाईंना गाठलं, कारण सगळ्यात जास्त छळ त्यांचा झाला होता.

"बाई, माझा डावा कान अधू झालाय. मी प्रमुखबाईंना सांगून काम सोडतो. तुमच्या वाचनावर खुणा करायचा मला आता अधिकार नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कधीपासून अधू आहे?"

"बरेच दिवस असणार. मी हेडफोनला दोष देत होतो."

"म्हणजे मागच्या कादंबरीत माझे आवंढे तुम्ही कुठल्या कानानं ऐकलेत?"

बाई उठल्या, चपला काढल्या आणि काचेच्या खोलीत गेल्या. "बसा तिकडे. एक पान वाचते. खुणा करा," त्यांनी आतून सांगितलं.

त्यांनी पान वाचलं. कानसेनांनी जुन्या हेडफोनची उजवी वाटी हातानं कानावर दाबून धरली आणि ऐकलं. बाई बाहेर आल्या तेव्हा पानावर पेन्सिलीच्या खुणा तयार होत्या. एक शब्द गाळला होता, तो धरला. पान घाईनं उलटलं होतं, तेही धरलं. आवंढा धरला. बाईंनी या तिन्ही चुका मुद्दाम केल्या होत्या.

"आणि हे काय लिहिलंय?" बाईंनी समासावर बोट ठेवलं.

"मधे तुम्ही चष्मा काढून परत घातलात."

"मुळीच नाही." बाई थांबल्या. "नाक खाजलं होतं," त्या जरा वेळानं म्हणाल्या.

मग त्या त्यांच्या शेजारी बसल्या. "तुमच्यासाठी मी बूट काढले, चपला काढल्या, खोकला आला तर पाणी न पिता दाबला. आता अर्ध्या वाटेत कुठे निघालात? वाचणारी मी एकटी असते. दोन्ही कानांत माझा तोच एक आवाज येतो. मला तुमचा एक कान पुरे."

कानसेनांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला. प्रमुखबाईंना दोघांनी मिळून सांगितलं. काम चोख होतंय ना, मग झालं, असं त्या म्हणाल्या. हिशेबनिसांनी आपली खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला नेली, कारण डावीकडून आता गप्पा मारायची अडचण होणार होती.

हेडफोनचा प्रश्न मात्र तसाच होता. कानसेन दुकानात गेले आणि खरं ते सांगितलं. दुकानदारिणीनं बाजूला ठेवलेला डबा परत फळीवर टाकला आणि दुसराच एक काढला. पाठ बंद, गाद्या मऊ, आणि कुठलीही वाटी मागे फिरवता येणारी. "कार्यक्रमात गाणी लावणारे लोक वापरतात. एका कानाला लावतात आणि दुसरा उघडा ठेवून लोकांकडे लक्ष देतात." तिनं त्यांच्या फोनमध्ये काहीतरी फिरवलं, दोन्ही बाजूंचा आवाज दोन्हीकडे एकसारखा येईल असं केलं. चष्म्याला रुतत नव्हता. चावून पाहिलं, मान हलवून पाहिली. उजव्या कानात फाटक लागलं.

"हाच," कानसेन म्हणाले.

डबा बांधताना ती म्हणाली, "संस्थेत ठीक आहे, उजवा कान कामाला. घरी पण घालणार ना?"

"घालणार की. घरी काम आणायचंय."

"घरी कोण असतं?"

"बायको."

"मग त्यांना कुठला कान?"

तिनं सहज विचारलं आणि दोरी तोडायला कात्री शोधायला वळली. कानसेन डबा घेऊन बाहेर पडले. आजवर त्यांना काळजी होती ती कामाची. एकच कान चांगला उरला आहे आणि त्याला वाटेकरी दोन आहेत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुस्तकवाल्यांसाठी त्यांनी कान फुटेस्तोवर ऐकलं होतं. बायकोचं बोलणं मात्र गेली काही वर्षं निम्मं वाया जात होतं. "लक्ष नसतं तुमचं," ती म्हणायची. "तुला एकदाच नीट बोलता येत नाही," हे म्हणायचे. पुढे पुढे ती भांडणंही बंद झाली. कधी बंद झाली बरं?

घरी आल्यावर त्यांनी डबा टेबलावर ठेवला. बायको चहा घेऊन आली आणि आपल्या खुर्चीवर, खिडकीशी बसली.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या कपात साखर ढवळली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? ताईच्या मुलीला मुलगी झाली, ते मी तुम्हाला इथेच सांगितलं. तेव्हा मी तुमच्या डावीकडे बसले होते. किती आनंदानं सांगितलं. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. मला इतका राग आला, की उठून खिडकीशी गेले. तिथून आपली पुटपुटले, की चहा करावा का. लगेच म्हणालात, कर."

कानसेन तिच्या खुर्चीकडे बघत राहिले. उजेड नव्हता तो.

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर काय? बोलायचं असतं ना मला."

"अगं, तिकडून गाड्या जातात."

"जाऊ देत. त्या बाजूनं बोललं की तुम्हाला ऐकू येतं."

"मग मला सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तुमचा सगळा मान त्या कानात. तो मी कसा काढून घेऊ? म्हटलं, खुर्ची हलवणं सोपं आहे."

कानसेनांना तिच्यावर एवढी माया कधी वाटली नव्हती, आणि ती शब्दांत सांगायची सवयही त्यांना नव्हती. त्यांनी चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि डबा उघडला. नव्या कादंबरीचा पहिला भाग ऐकायचा होता. पुस्तक उघडलं, पेन्सिल घेतली, हेडफोन डोक्यावर चढवला. बायकोनं सवयीनं ओळखलं, की आता तासभर हे काही आपले नाहीत, आणि ती उठायला लागली.

त्यांनी हात करून तिला थांबवलं. मग उजव्या कानावरची वाटी धरली आणि मागे फिरवली. डावी तशीच राहू दिली. कादंबरी त्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली.

"ताईच्या मुलीला मुलगी झाली, असं म्हणत होतीस," ते म्हणाले. "नीट सांग. नाव काय ठेवलं?"

"ती आता शाळेत जाते," बायको म्हणाली, आणि खुर्ची जवळ ओढून पहिल्यापासून सांगायला लागली.